विजयदुर्गापुढील तरता मोर्चा

इंग्रज कंपनीच्या मुंबईकडील हकीकतींत, इ. स. १७२० सालच्या विजयदुर्गावरील स्वारीच्या प्रसंगीं, ‘फ्राम’ नांवाच्या एका चमत्कारिक जहाजाचा उल्लेख येतो. आंग्र्यांच्या इतिहासाचे वाचक त्यास एका ओळीपुरतें ओळखतात: इंग्रजांनीं तें मोठ्या आशेनें बांधलें, तें कुचकामाचें ठरलें, आणि अखेरीस त्यांनीं स्वहस्तें जाळलें. एवढें सांगून आमचे लेखक किंचित् हसतात व पुढें जातात. परंतु हें जहाज ज्या जातीचें होतें त्या जातीचा इतिहास ध्यानांत घेतला, म्हणजे १७२० पासून १७५६ पर्यंतच्या छत्तीस वर्षांत विजयदुर्गापुढें काय घडलें याचा अर्थ पुष्कळ निराळा लागतो. पेशव्यांनीं इंग्रजांच्या साह्यानें तुळाजी आंग्र्याचें आरमार बुडविलें, हा जो जुना वाद आहे, त्यासहि या विषयाचा निकटचा संबंध पोंचतो.

बुलढाणें जिल्ह्यांत अमडापूर येथें बसून लिहिणाऱ्यापासून समुद्र शंभर कोसांवर आहे, आणि आमच्या बाजूच्या संग्राहकांस जहाजांचा परिचय बहुधा कागदांतूनच होतो. तेव्हां प्रथम या जातीचें लक्षण सांगणें बरें. समुद्रावर जहाजाशीं जहाज झुंजावयाचें तर तें खोल बुडाचें, वाऱ्यावर चांगलें चालणारें व शत्रूच्या मागें धांवणारें असावें लागतें. किनाऱ्यावरचा तट पाडण्यासाठीं जें जहाज बांधावयाचें त्यास धांवावयाचें नसतें. त्यास शक्य तितकें जमिनीजवळ जाऊन एका जागीं उभें राहावयाचें असतें. म्हणून त्याचा तळ सपाट, बूड उथळ, बाजू जाड, व आकाराच्या मानानें तोफा फार मोठ्या. असलें जहाज रुंद, मंद व आडमुठें होतें; वारा पडला तर दुसऱ्यांनीं ओढून न्यावें लागतें. त्याचे दोन पोटभेद आहेत. एक, भरीव गोळे सरळ रेषेंत तटावर मारणारा. यास तरता मोर्चा म्हणतां येईल. दुसरा, उखळी तोफेनें कुलपी गोळे उंच उडवून तटापलीकडे टाकणारा. हा भेद ज्यानें मनांत ठेवला नाहीं त्यास पुढील हकीकतीचा उलगडा होणार नाहीं.

आतां ‘फ्राम’ या नांवाविषयीं. हस्तलिखितें हाताळणाऱ्यांस यांत एक ओळखीचा प्रकार दिसेल. मूळ शब्द ‘प्राम’ असा असून तो उत्तर युरोपांतील डच व जर्मन भाषांतला आहे. सपाट तळाचा, माल वाहणारा पडाव असा त्याचा अर्थ. १७०० पासून १७२१ पर्यंत बाल्टिक समुद्रावर स्वीडन व रशिया यांचें जें युद्ध चाललें, त्यांत पीटर बादशहाच्या आरमारांत तोफा चढविलेले असे प्राम होते. म्हणजे मुंबईकरांनीं कांहीं अपूर्व शोध लावला असें नसून त्या काळीं युरोपांत चालूं असलेला एक नमुना उचलला होता. लिहितांना ‘ह’ हें अक्षर पुढें सरकून ‘प्राम’चें ‘फ्राम’ झालें, आणि मागाहूनच्या लेखकांनीं जातिवाचक नामाचें विशेषनाम करून टाकलें. मोडी कागदांतून असल्या रूपांतरांचे नमुने आपण नेहमीं पाहतों. इंग्रज कारकून त्यांतून सुटले होते असें मानण्याचें कारण नाहीं. विजयदुर्गास ते ‘घेरिया’ म्हणत, तेंहि शेजारच्या गिर्ये गांवाचें असेंच बिघडलेलें रूप होय.

मुंबईस हें जहाज बांधावेंसें कां वाटलें? चार्लस बून हा १७१५ च्या अखेरीस मुंबईचा गव्हर्नर झाला. कान्होजी आंग्रे त्या वेळीं ऐन भरांत होता. बूननें शहराचा तट व कंपनीचें आरमार दोन्ही वाढविलीं. विजयदुर्गावर चालून जाऊन इंग्रजांस अपयश आलें. १७१८ च्या नोव्हेंबरांत खांदेरीवर गेले, तेथेंहि तेंच. या पराभवांचें कारण मुंबईकरांच्या डोळ्यांपुढें रोज तरंगत होतें, तें म्हणजे मराठ्यांच्या गुराबा व गलबतें.

या जहाजांचें वर्णन ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें १७६३ त छापलेल्या आपल्या ग्रंथांत बारकाईनें केलें आहे. गुराबेस बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित् तीन. दोन काठ्यांची गुराब दीडशें टनांपर्यंत, तीन काठ्यांची सुमारें तीनशें टनांची. लांबीच्या मानानें रुंदी पुष्कळ, आणि बूड अगदीं थोड्या पाण्यांत जाणारें. नाळेकडे निमुळती होऊन तिचें तोंड पुढें आलेलें. त्या तोंडावरून समोर मारा करणाऱ्या नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा, व बाजूंस सहा ते नऊ पौंडी. गलबतें याहून लहान, सत्तर टनांच्या आंतलीं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचीं, दोन ते चार पौंडी तोफा वागविणारीं. वारा पडला कीं गलबतांनीं गुराबांस ओढून शत्रूच्या पिछाडीस आणावें, त्याचीं शिडें व दोर तोडावे, आणि मोठें जहाज अंगावर आलें कीं खाडींत शिरून किल्ल्याच्या तोफांखालीं जावें. खोल बुडाच्या विलायती जहाजास मागोमाग खाडींत शिरण्याची छाती होत नसे. उथळपणा हेंच मराठ्यांचें कवच आहे असें इंग्रजांस दिसलें, व त्यांनीं ठरविलें कीं आपणहि उथळ व्हावें. मात्र वर अशा तोफा चढवाव्या कीं किल्लाच ढासळेल.

त्या काळीं या किनाऱ्यावर कंपनीच्या जहाजांवर चाकरी केलेल्या क्लेमेंट डाउनिंगचें पुस्तक १७३७ त प्रसिद्ध झालें. त्यावरून फ्रामचें स्वरूप कळतें. तळ सपाट, बूड सहा-सात फूट पाण्यांत जाणारें, बाजू तोफेच्या गोळ्यास बहुतेक दाद न देणाऱ्या, डोलकाठी एकच, आणि तोफा बारा, प्रत्येकी अठ्ठेचाळीस पौंडी. गुराबेची मोठ्यांत मोठी तोफ बारा पौंडी. तिच्या चौपट वजनाचा गोळा येथें एकेका तोफेंतून सुटावयाचा होता. अशा बारा तोफा सहा-सात फूट पाण्यावर तरंगविणें ही लहान गोष्ट नव्हे. मुंबईच्या सुतारांचें कसब यांत दिसतें, आणि तें मान्य केलें पाहिजे.

१७२० च्या सप्टेंबरांत वॉल्टर ब्राउन याच्या हुकमतीखालीं हा काफिला विजयदुर्गापुढें आला. येथें एक सूचना करून ठेवितों: इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या गणनेनें तारखा लिहीत, म्हणून या स्वारीच्या इंग्रजी तारखा आपल्या तिथींशीं ताडून पाहतांना त्यांत अकरा दिवस मिळविले पाहिजेत. हें न केल्यामुळें उगीच विसंगति दिसते व चांगला कागदहि बनावट ठरण्याचा धोका असतो.

फ्राम पुढें नेऊन तोफा डागल्यावर असें आढळलें कीं तोफांचीं तोंडें पुरेशीं वर करतां येत नाहींत. गोळे तटापर्यंत न जातां पाण्यांत पडतात. इंग्रज लेखकांनीं याचा दोष बांधणाऱ्यांच्या हलगर्जीपणास दिला आहे. माझ्या मतें दोष त्याहून खोलवरचा आहे. जहाज उथळ व सपाट केलें म्हणजे तोफांचा मजला पाण्याच्या अगदीं जवळ येतो, नाहीं तर वरच्या भारानें तें कलंडेल. बाजू जाड ठेवून आंतील लोक सुरक्षित राहावेत म्हणून तोफांच्या खिडक्या अरुंद ठेवाव्या लागतात. आणि जाड भिंतींतील अरुंद खिडकींतून लांब तोफेचें तोंड वर उचलतां येत नाहीं. इकडे विजयदुर्गाचे तट पाण्यांतून उठलेल्या खडकावर एकावर एक चढत गेलेले. लांबून मारा करावा तर गोळा पोंचण्यासाठीं तोंड उचललें पाहिजे, जवळ जाऊन करावा तरीहि उंच तटासाठीं उचललें पाहिजे. म्हणजे जे गुण या जहाजास तगविण्यासाठीं दिले होते, तेच त्याचा मारा फुकट घालवीत होते. खिडक्या मागाहून मोठ्या केल्या असत्या तरी जाड बाजूंचा अर्धा उपयोग गेला असता.

जमिनीवर उतरविलेल्या लोकांचेंहि कांहीं चाललें नाहीं. इंग्रजांनीं खाडींतील कांहीं जहाजें जाळल्याचें सांगितलें आहे. किल्ला मात्र जसाच्या तसा राहिला. परतीच्या वाटेवर युरोपी चाचांचीं जहाजें समोर आलीं. हें ओढत न्यावयाचें लोढणें अशा वेळीं कोण सांभाळणार? इंग्रजांनींच त्यास आग लावली. बारा तोफांचा तरता मोर्चा असा एका मोसमांत संपला.

यानंतर चार वर्षांनीं, १७२४ त, त्याच किल्ल्यावर डच आले. त्यांच्याजवळ सात जहाजें, कांहीं फौज, व बाँबगोळे फेकणारीं दोन जहाजें होतीं. ही वर सांगितलेली दुसरी जात. तिचा जनक बर्नार रनो हा फ्रेंच. त्याच्या योजनेचीं जहाजें १६८२ त अल्जीर्सवर प्रथम वापरलीं गेलीं. या जहाजास पुढची डोलकाठी नसते. तिच्या जागीं, लांकडांच्या भक्कम थरांवर, उखळी तोफ बसविलेली असते. तोफेचें तोंड सुमारें पंचेचाळीस अंशांवर आकाशाकडे. तेव्हां धक्का मागें न बसतां खालीं बसतो, आणि तो सोसण्यासाठींच हे थर. पोकळ गोळ्यांत दारू भरून काकडा लावावा, तो कमानीनें तटावरून जाऊन आंत पडावा व तेथें फुटावा. तटाची उंची येथें आडवी येत नाहीं. जहाज मागच्या बाजूस, किल्ल्याच्या सरळ माऱ्याबाहेर उभें राहूं शकतें. फ्रामचें मुख्य वैगुण्य या रचनेंत उरत नाहीं.

तरी डचांचा पराभव झाला. ही गोष्ट फार महत्त्वाची असूनहि तिजकडे दुर्लक्ष होतें. सरळ मारणारें जहाज हरलें तें सदोष बांधणीमुळें, असें म्हणून मोकळें होतां येतें. पण निर्दोष जातीचीं दोन जहाजें त्याच ठिकाणीं निष्फळ ठरलीं, त्यास काय म्हणावें? कुलपी गोळा घर जाळील, कोठार उडवील, माणसें मारील. परंतु तटास खिंडार पाडण्याचें सामर्थ्य त्यांत नाहीं. ज्या किल्ल्यास जमिनीकडून वेढा नाहीं, ज्याची शिबंदी रात्रीं बदलूं शकते व धान्य खाडीनें येऊं शकतें, तो असे गोळे कितीहि दिवस सोसूं शकतो. १७२० त व १७२४ त आंग्र्यांची पाठ मोकळी होती.

१७५५ त ती मोकळी राहिली नाहीं. बाळाजी बाजीराव पेशव्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव यांनीं मुंबईकरांशीं करार केला, व प्रथम सुवर्णदुर्गावर स्वारी झाली. इंग्रजांकडून कमोडोर विल्यम जेम्स हा ‘प्रोटेक्टर’ हें मोठें जहाज, ‘स्वॅलो’ हें लहान, व ‘व्हायपर’ आणि ‘ट्रायंफ’ हीं दोन बाँबजहाजें घेऊन आला. पेशव्यांकडून सात गुराबा व साठ गलबतें होतीं असें ऑर्म सांगतो. मराठी आरमारानें अंतर राखलें, हेंहि तोच सांगतो. ऑर्म या प्रसंगीं हजर नव्हता, आणि त्याच्या माहितीचे धनी इंग्रज होते, हें विसरतां कामा नये.

एप्रिलच्या आरंभीं जेम्सनें प्रथम समुद्राकडून मारा केला, त्याचा उपयोग होईना, कारण त्या बाजूस तट व खडक एकजीव आहेत. मग त्यानें शिशाचा ओळंबा सोडून पाण्याची खोली मोजविली आणि बेट व हर्णेचा किनारा यांच्यामधील पट्टींत जहाजें आणलीं. बाँबजहाजांचा एक गोळा आंत पडून आग लागली, ती दारूखान्यास पोंचली, तो उडाला. सुवर्णदुर्ग पडला. येथें उखळी तोफांनीं काम केलें हें निर्विवाद. पण जेम्सचें खरें कौशल्य मला ओळंब्यांत दिसतें. पाणी किती आहे हें त्यानें आधीं विचारलें. बूनच्या मुंबईनें जहाज आधीं बांधलें.

विजयदुर्गाच्या बाबतींत हाच मुद्दा निर्णायक ठरतो. १७५५ च्या अखेरीस जेम्सला पुनः टेहळणीस पाठविलें गेलें, आणि त्यानें येऊन सांगितलें कीं किल्ला लोक समजतात तितका दुर्गम नाहीं, मोठीं जहाजें तटाच्या माऱ्यांत नेण्यास पाणी पुरेसें आहे. म्हणजे ज्या अडचणीसाठीं फ्रामला सहा-सात फुटांचें बूड दिलें, ती अडचण विजयदुर्गापुढें नव्हतीच! वाघोटणची खाडी मुखाशीं खोल आहे. गलबतें जेथें आश्रयास जात त्या वरच्या अंगास उथळ जहाज हवें होतें, तटापुढें नव्हतें. एक गरज दुसरीच्या जागीं धरली गेली.

१७५६ च्या फेब्रुवारींत, शके १६७७ च्या माघांत, अ‍ॅडमिरल वॉटसनचें आरमार आलें. त्यांत सत्तर तोफांचें ‘केंट’, त्याच्या खालोखाल ‘कंबरलंड’, साठ तोफांचें ‘टायगर’ व पन्नास तोफांचें ‘सॅलिसबरी’ हीं राजाचीं जहाजें. कंपनीचीं जहाजें व पांच बाँबजहाजें निराळीं. पायदळावर क्लाइव्ह. बारा तारखेस दुपारीं हीं जहाजें दोन रांगांनीं खाडींत शिरलीं. किल्ल्याकडील रांग मोठ्या जहाजांची, तिच्या आडोशास दुसरी रांग बाँबजहाजांची व लहान जहाजांची. फ्रामनें जाड बाजू व मोठ्या तोफा एकाच सपाट तळावर ठेवूं पाहिल्या होत्या; येथें ढाल एकीकडे व उखळी तोफ दुसरीकडे अशी वांटणी झाली, आणि ती साधली. लौकरच एक कुलपी गोळा ‘रेस्टोरेशन’वर पडला. हें जहाज तुळाजीनें १७४९ त कंपनीकडून धरलेलें. तें पेटलें, व शेजारीं एकत्र बांधून ठेवलेल्या गुराबा एकामागून एक पेटल्या. संध्याकाळपर्यंत आंग्र्यांचें आरमार नाहींसें झालें. दुसरे दिवशीं किल्लाहि गेला. इंग्रजांकडील मेलेले व जखमी मिळून सुमारें वीस.

हा एक गोळा विजयदुर्गाच्या इतिहासांत सर्वांत महाग पडला. पण त्या गुराबा तेथें एकत्र कां बांधल्या होत्या? ज्यांचें सारें बळ उथळ पाण्यांतून निसटण्यांत, त्या जहाजांनीं खाडीच्या मुखाशीं दाटी कां करावी? याचें उत्तर समुद्रावर नसून जमिनीवर आहे. रामाजी महादेवांनीं त्यापूर्वींच तुळाजीचे उत्तरेकडील किल्ले घेत आणले होते, आणि पेशव्यांची फौज विजयदुर्गाच्या मागील बाजूस येऊन बसली होती. खाडीच्या वरच्या अंगास ज्या किनाऱ्यांवर पूर्वीं मित्र असत, तेथें आतां शत्रूचे घोडेस्वार होते. गलबतांस पळून जावयास जागा राहिली नाहीं. तुळाजी स्वतः बोलणें लावण्यासाठीं पेशव्यांच्या गोटांत गेला होता. किल्ला मराठ्यांच्या हातीं जाऊं नये म्हणून बाराच्या रात्रीं क्लाइव्हनें फौज उतरवून मध्यें ठाण मांडलें, यावरूनच तो किती पडण्याच्या बेतांत आला होता हें दिसतें.

तेव्हां इंग्रजांच्या श्रेष्ठ जहाजांपुढें आंग्र्यांचें कांहीं चाललें नाहीं, हें इंग्रज ग्रंथकारांचें म्हणणें, आणि पेशव्यांनीं केवळ इंग्रजांस बोलावण्याची चूक केली, हें आमच्याकडील सौम्य म्हणणें, हीं दोन्ही मला अपुरीं वाटतात. जहाजें दोनदां आलीं व हात हालवीत गेलीं. तिसऱ्या वेळीं पेशव्यांची फौज बरोबर होती म्हणून तीं यशस्वी झालीं. याचा अर्थ पेशव्यांच्या वांट्याची जबाबदारी कमी होत नाहीं, वाढते. आंग्र्यांच्या दर्यावर्दींची अप्रतिष्ठा मात्र यांतून सिद्ध होत नाहीं.

युरोपांत या जातीचें पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. १७८२ त जिब्राल्टरपुढें फ्रेंच व स्पॅनिश लोकांनीं फ्रामच्याच कल्पनेचे प्रचंड तरते मोर्चे आणले. लाल तापविलेल्या गोळ्यांनीं ते जळाले. १८५५ त काळ्या समुद्रावर किनबर्न येथें फ्रेंचांनीं लोखंडी पत्रे चढविलेले तीन तरते मोर्चे आणले, त्यांवर रशियन गोळे आपटून पडले. लांकडाच्या जागीं लोखंड आलें तेव्हां कोठें ती जुनी कल्पना चालली. १८६२ त अमेरिकेंत ‘मॉनिटर’ हें फिरत्या बुरुजाचें जहाज झालें. खिडकी फिरविण्याऐवजीं बुरुजच फिरूं लागला, आणि या जातीस तेंच नांव पडलें. पहिल्या महायुद्धांत, १९१५ त, ‘सेव्हर्न’ व ‘मर्सी’ या दोन उथळ मॉनिटरांनीं पूर्व आफ्रिकेंत रुफिजी नदीच्या मुखांत लपलेलें ‘क्योनिग्जबर्ग’ हें जर्मन जहाज निकामी केलें. खाडींत दडलेल्या शत्रूस गांठण्याचें जें काम बूनच्या मनांत होतें, तें असें दोनशें वर्षांनीं साधलें.

मुंबईसहि या जातीचीं दोन जहाजें पुनः आलीं. १८७० त बांधलेलीं ‘मॅग्डाला’ व ‘अ‍ॅबिसिनिया’, दोन-दोन फिरत्या बुरुजांचीं, प्रत्येकावर दहा इंची चार तोफा. १८६८ च्या हबसाणांतील स्वारीवरून त्यांस हीं नांवें मिळालीं. त्यांचें काम मात्र उलट, बंदराचें रक्षण करण्याचें. त्यांवर शत्रु कधीं चालून आला नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं तीं विकून टाकण्यांत आलीं.

राहिला आमच्या कागदांचा भाग. विजयदुर्ग १७५६ च्या ऑक्टोबरांतील तहानें पेशव्यांकडे आला, आणि पुढें आनंदराव धुळपांच्या वेळीं तेंच त्यांच्या आरमाराचें मुख्य ठाणें झालें. किल्ला ताब्यांत घेणाऱ्यास आधीं डागडुजी करावी लागते. त्या वर्षाच्या पुढील दोन-तीन वर्षांचे इमारतखर्चाचे बंद कोणाच्या रुमालांत असतील, तर समुद्राकडील तटावर चुना व गवंडी किती लागले, आणि आंतील घरांच्या छपरांवर कौलें व लांकूड किती लागलें, हीं दोन कलमें निरनिराळीं उतरून घ्यावीं. पहिलें कलम मोठें निघालें तर किल्ला ‘केंट’च्या सरळ माऱ्यानें पडला, दुसरें मोठें निघालें तर कुलपी गोळ्यांनीं.